मूल जिथे आहे, तिथून शाळा

(शहापूर तालुक्यातील उंबरमाळी येथे शिक्षक, पालक व कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा हा संपादित मजकूर.)



प्रारंभीच सांगून टाकतो की मी शिक्षक नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि उभी हयात बातम्या लिहिण्यात गेली आहे. बातमीदाराला एक सवय जडलेली असते. मोठा शब्द कानावर पडला की त्यामागे प्रत्यक्षात काय घडते आहे, हे पाहायला तो जातो. आजच्या विषयात असे दोन मोठे शब्द आहेत, 'आनंददायी' आणि 'विद्यार्थिकेंद्री'. परिपत्रकांत ते असतात, प्रशिक्षणवर्गाच्या फलकावर असतात, शाळेच्या दर्शनी भिंतीवरही रंगवलेले असतात. त्या भिंतीपलीकडे वर्गात काय ऐकू येते? गुरुजी विचारतात, "समजलं का?" आणि तीस कंठांतून एका सुरात उत्तर येते, "होऽऽऽ!" ज्याला समजले तो त्या 'हो'मध्ये असतो आणि ज्याला प्रश्नही नीट ऐकू आलेला नाही, तोही असतो. तो 'हो' फोडून आत पाहिल्याशिवाय या विषयाला हात घालता येणार नाही.

आत पाहिले की काय दिसते, याचा एक आकडा आपल्यापुढे आहे. 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा सोपा उतारा वाचता येत नव्हता. ही मुले शाळेत नव्हती असे नाही. त्यांची नावे पटावर होती, हजेरी लागत होती, पाठ्यपुस्तके हातात होती. चार वर्षे ती 'हो' म्हणत होती.

तत्त्वाचा वाद आता उरलेला नाही. १९९३मध्ये प्रा. यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्याहूनही न समजण्याचे ओझे जड असते, हे स्पष्टपणे मांडले. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल स्वतः ज्ञान घडवते, ही भूमिका स्वीकारली. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने तर कलम २९मध्ये कृती, शोध आणि बालकेंद्री पद्धतीने शिकवणे हे कर्तव्यच ठरवले; शक्य तिथवर मातृभाषेतून, हेही त्यात आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याचा पुनरुच्चार केला. कागद सगळे आपल्या बाजूने आहेत. तरीही गाडे अडते, कारण बालकेंद्री शिक्षण म्हणजे काही साहित्य आणून ठेवणे, असा आपण समज करून घेतला आहे. बोलक्या भिंती रंगवल्या, फरशीवर आकडे काढले, दोन टॅब आले, की झाली शाळा बालकेंद्री! त्या बोलक्या भिंतीशी महिनोन्महिने कोणी बोलत नाही, हा भाग निराळा.

मला वाटते, शाळा बालकेंद्री आहे की नाही, हे मोजण्याचे माप दुसरे आहे. मुलापर्यंत पोहोचण्यासाठी शाळा स्वतःच्या जागेवरून किती हलली, ते पाहावे. हे माप मी घरी बसून काढलेले नाही. ते ठाणे जिल्ह्यातच दोन स्त्रियांनी ऐंशी वर्षांपूर्वी घालून दिलेले आहे. डहाणू तालुका २०१४पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. आता तो पालघरमध्ये गेला.

ताराबाई मोडक या विदुषी. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्यात त्यांचा वाटा मोठा. शहरात त्यांचे नाव झाले होते, मान होता. परंतु बालशिक्षण हे केवळ सुखवस्तू घरांतील मुलांपुरते राहते आहे, ही बोच त्यांना होती. १९४५मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवयात विवाह, काही महिन्यांतच वैधव्य, पुढे जिद्दीने शिक्षण आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी, असा अनुताईंचा प्रवास. वय पस्तीस. ती सुरक्षित नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या आणि मग आयुष्यभर ताराबाईंच्या कामाशी बांधल्या गेल्या.

आता पाहा, बोर्डीत काय झाले. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली त्या वस्तीतली मुले येईनात. आपण अशा वेळी काय म्हणतो? "या लोकांना शिक्षणाचे महत्त्वच नाही." अहवालात एक ओळ लिहिली की आपली जबाबदारी संपते. ताराबाईंनी ती ओळ लिहिली नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असा सरळ विचार त्यांनी केला, आणि वस्तीतल्याच एका अंगणात बालवाडी भरवली. अंगणात भरते म्हणून ती 'अंगणवाडी'. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा मराठी शब्द देशभर गेला. आज कोणत्याही प्रांतात जा, लोक 'अंगनवाडी' म्हणतात. तो शब्द ठाणे जिल्ह्याच्या मातीतून उगवलेला आहे, हे आपल्यालाही फारसे ठाऊक नसते.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले आणखी निराळ्या कारणांनी शाळेबाहेर होती. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन हिंडे, म्हणून शाळेला जोडून पाळणाघर आले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात नांदू लागली. त्याला 'विकासवाडी' हे नाव मिळाले. काही मुले दिवसभर गुरे वळायला जात. त्यांना शाळेत कसे आणणार? मग शिक्षकच कुरणात गेले. गुरे चरताहेत, झाडाखाली मुले बसली आहेत, गाणी, गोष्टी आणि गणती चालली आहे. ही 'कुरणशाळा'. जी कुरणातही येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी रात्रीची शाळा. शाळेची वेळ, जागा, छप्पर, सारे काही बदलायला या बाई तयार होत्या. मुलांनी शिकले पाहिजे, या एका गोष्टीबाबत मात्र त्यांनी तडजोड केली नाही.

साहित्याचेही तसेच. मारिया माँटेसोरी यांनी १९०७मध्ये रोममधील गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. हाताने हाताळत, डोळ्यांनी पारखत मूल शिकते, हे त्यांनी जगाला दाखवले. परंतु त्यांची साधने सुतारकामातून, अचूक मापांत घडवलेली असत आणि ती महाग पडत. ताराबाईंनी त्यामागचे तत्त्व घेतले आणि साधने परिसरातून उचलली: शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती. आकाराने लहान-मोठे, स्पर्शाने खरखरीत-गुळगुळीत, वजनाने हलके-जड, हे सारे शिकण्यासाठी रानात काय कमी आहे? अनुताईंची बालवाडी म्हणजे मोकाट गोंधळ नव्हता, हेही लक्षात ठेवू या. तिथे नखे पाहिली जात, मुलांना आंघोळ घातली जाई, केस विंचरले जात. शिस्त होती, पण ती छडीच्या धाकाने आलेली नव्हती.

आपल्यापैकी काहींच्या मनात येत असेल, हे सगळे पाश्चात्त्यांकडून आलेले आहे. तसे नाही. पंचतंत्राची मूळ कथा आठवा. राजा अमरशक्तीचे तीन पुत्र, शास्त्राभ्यासाला पाठ दाखवणारे. ऐंशी वर्षांचे विष्णुशर्मा म्हणाले, सहा महिन्यांत त्यांना नीतिशास्त्रात निपुण करतो. आणि त्यांनी हाती घेतल्या त्या पशुपक्ष्यांच्या गोष्टी. ज्याला शास्त्रात रस नाही त्याला शास्त्राकडे कोणत्या वाटेने न्यावे, याचा तो प्रयोगच होता. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षकही चौथीच्या दंगेखोर वर्गाला प्रथम गोष्टच सांगतो. मात्र "आपल्याकडे हे सगळे पूर्वीच होते" असे म्हणून सुस्कारा टाकण्यात मला रस नाही. आपल्याकडे पंतोजींची छडीही होती, अंगठे धरून उभे करणेही होते, आणि कित्येकांना पाठशाळेची पायरीच चढू न देणेही होते. परंपरेतला विष्णुशर्मा उचलायचा असेल तर ही बाजूही मान्य करावी लागेल.

आता आपल्या उंबरमाळीकडे येऊ. खर्डी आणि कसारा यांच्या मधले हे गाव. डोंगर, भातखाचरे, पाडे. याच तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. तानसाचे पाणी १८९२पासून मुंबईला जाते आहे आणि मुंबईच्या पाण्यात भातसाचा वाटा आज जवळपास निम्मा आहे. उन्हाळा आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. आपली लेक डोक्यावर हंडा घेऊन दोन खेपा करते आणि मग शाळेत येते. तिच्यापुढे गणिताच्या पुस्तकातले उदाहरण काय असते? जलतरण तलावात किती लिटर पाणी मावेल!

त्याऐवजी गुरुजींनी फळ्यावर असे लिहून पाहावे. टँकर दहा हजार लिटरचा. एका हंड्यात पंधरा लिटर पाणी मावते. हंडे किती भरतील? भागाकार केला की ६६६ हंडे होतात आणि दहा लिटर उरतात. पाड्यावर १२० घरे आहेत. प्रत्येकाला पाच हंडे दिले तर ६०० झाले; उरलेल्या ६६ हंड्यांचे काय करायचे? इथे गणित संपते आणि वर्ग जागा होतो. कोणी म्हणेल, ज्या घरात तान्हे मूल आहे त्याला द्या. कोणी म्हणेल, गुरांना द्या. कोणी म्हणेल, जो पहिल्यांदा येईल त्याला. भागाकार, बाकी, न्याय आणि नागरिकशास्त्र, सारे एका तासात! इथे 'समजलं का?' असे विचारावेच लागत नाही. मुलांच्या भांडणावरूनच ते कळते.

अपूर्णांकांचेही तसेच आहे. पाव, अर्धा, पाऊण या पायरीवर कित्येक मुले अडखळतात आणि पुढे गणिताची धास्तीच घेतात. पण ज्यांच्या घरात अजून जुनी मापे आहेत, तिथली आजी काय सांगेल? दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. म्हणजे चिपटे हा शेराचा चौथा भाग आणि पायलीचा सोळावा. ही मापे एक दिवस वर्गात आणा, भात भरू द्या, ओतू द्या, सांडू द्या. सांडलेले भात पुन्हा गोळा करायलाही लावा. आजीला बोलावून मधोमध बसवा. एक चतुर्थांश म्हणजे काय, हे त्या दिवशी मुलाच्या हाताला कळेल, आणि हाताला कळलेले सहसा विसरत नाही.

विज्ञान तर खाचरातच पडले आहे. पावसाआधी आपल्याकडे राब भाजतात. का भाजतात? जमीन जाळल्याने रोप चांगले कसे येते? मुलाने ते लहानपणापासून पाहिलेले असते, पण हा 'प्रश्न' आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते. तणाचे बी जळते, राख खत होते, इथपर्यंत तो स्वतः पोहोचेल. मग पुढचे विचारा: त्यासाठी डोंगरावरच्या झाडांच्या किती फांद्या तोडाव्या लागतात? त्याला दुसरा काही उपाय निघेल का? वडिलांच्या शेतीबद्दल असा विचार करणारा मुलगा वडिलांच्या शेतीला कमी लेखणार नाही. शिकलेला मुलगा घरापासून तुटतो ही तक्रार आपण सगळेच करतो. तो तुटतो त्याचे एक कारण असे की शाळेने त्याच्या घरातले काहीही कधी वर्गात येऊ दिले नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट भाषेची. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या घरांतली बोली आणि पुस्तकातली मराठी यांत अंतर आहे. पहिलीच्या वर्गात जे मूल गप्प बसलेले असते, ते मंद नसते. घरी ते अखंड बोलत असते. आपली बोली इथे चुकीची समजली जाते, हे त्याला पहिल्या आठवड्यातच उमगते आणि ते तोंड मिटते. शिक्षकाने त्या बोलीतले पन्नास शब्द शिकून घेतले तरी ते तोंड उघडेल. प्रमाण मराठी त्याला यायलाच हवी, त्यात शंका नाही. पण ती बोलीच्या खांद्यावर बसून येईल, बोलीच्या उरावर बसून नव्हे. २०२०मध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकातल्या क्यूआर कोडची चर्चा सर्वत्र झाली. त्यापूर्वी पुस्तकातला मजकूर मुलींच्या घरच्या भाषेत, कन्नडमध्ये, नेण्याचे काम त्यांनी केले होते. त्याबद्दल मात्र आम्हा वृत्तपत्रवाल्यांनी दोन ओळींवर काही लिहिले नाही. यंत्र दिसते, भाषा दिसत नाही.

शेजारच्या मुरबाड तालुक्यातले फांगणे गाव तुम्हाला परिचित असेल. ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांचा त्यात पुढाकार होता. साठी ते नव्वदी या वयोगटातल्या आज्या गुलाबी नऊवारी गणवेशात, हाती पाटी घेऊन शाळेला निघाल्या. छायाचित्रे जगभर छापून आली. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शाळेची वेळ होती दुपारी दोनची, घरातली आणि शेतातली कामे उरकल्यानंतरची. शिकवायला गावातलीच एक सून. आणि आज्यांना काय वाचायचे होते? पोथी. म्हणजे वेळ त्यांची, शिक्षिका त्यांच्यातली, शिकण्याचे कारणही त्यांचेच. आजीसाठी आपण घड्याळाचे काटे फिरवू शकलो, मग नातवासाठी का फिरवू नयेत? लावणीच्या दिवसांत वर्ग ओस पडतात. त्या पंधरवड्यात शाळा सकाळी लवकर भरवून लवकर सोडता येणार नाही का? नियम आडवा येत असेल तर तो बदलून घेण्यासाठी गावाने ठराव करावा, आम्ही लिहू.

शिक्षक मंडळींच्या कपाळावरच्या आठ्या मला इथून दिसताहेत. दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग, वर ऑनलाईन माहिती भरणे, निवडणुकीचे काम, सर्वेक्षणे. या परिस्थितीत हंडे कधी मोजायचे आणि भात कधी मापायचे? तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे, आणि शिक्षकाचे अशैक्षणिक काम कमी व्हावे यासाठी समाजाने तुमच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. पण अनेक वर्ग एकत्र असणे हा केवळ तोटा नाही. हंड्यांच्या उदाहरणात पहिलीतला मुलगा हंडे मोजतो, तिसरीतली मुलगी गुणाकार करते, पाचवीतला भागाकार करून बाकी सांगतो. मोठ्याने धाकट्याला समजावून सांगितले की दोघांचेही पक्के होते.

पालकांशीही थोडे स्पष्ट बोलतो. पिवळी बस पाड्याच्या तोंडाशी येते, टाय लावलेले मूल तिच्यात चढते आणि आपल्याला कृतकृत्य वाटते. इंग्रजी शिकू नये असे कोण म्हणेल? पण ज्या भाषेत घरात कोणीच एक वाक्य बोलत नाही, त्या भाषेत पाठांतर करणाऱ्या मुलाला आपण काय विचारणार? "झाला का अभ्यास?" ते म्हणणार, "हो." पुन्हा तोच 'हो'! आणि इकडे गावची शाळा ओस पडते. २०१७मध्ये राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळांचा प्रस्ताव पुढे आला. शहरात शाळा दोन किलोमीटर दूर गेली तर रिक्षा मिळते. इथे मध्ये ओढा असतो, आणि सातवीतल्या मुलीच्या शिक्षणाचा निर्णय तो ओढा करतो. पाड्यावरची शाळा टिकवायची असेल तर ती चांगली असावी लागेल, आणि ती चांगली करणे हे एकट्या गुरुजींच्या हातात नाही. चिपटे-मापटे घेऊन जाणारी आजी, राब भाजणारे वडील, संध्याकाळी तासभर गोष्टी वाचून दाखवणारा कॉलेजातला तरुण, ही माणसे कोणत्याही परिपत्रकाने मिळत नाहीत. कार्यकर्ते म्हणून जे इथे बसले आहेत, त्यांनी वह्यावाटपाचा कार्यक्रम जरूर करावा. पण त्यानंतर वर्षभर आठवड्यातून एक संध्याकाळ त्या वह्यांत काय लिहिले गेले, हे पाहायलाही जावे. वह्यावाटपाचे छायाचित्र आम्ही छापतो. दुसऱ्या कामाचे छायाचित्र निघत नाही, हे ठाऊक असूनही सांगतो आहे.

एक विषय राहिला आणि तो तातडीचा आहे. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातली, विशेषतः कातकरी समाजाची, कित्येक कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुले बरोबर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. अर्धे वर्ष गेलेले असते. वसईकडे विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच्या झोपड्यांत, म्हणजे भोंग्यांत, 'भोंगाशाळा' भरवल्या. कुरणशाळेचीच ती नात म्हणायची. आज शासनाचे शिक्षण हमी कार्ड आहे, हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. पण कार्ड द्यायचे तर मूल निघण्यापूर्वी कोणाला तरी कळायला हवे की ते निघाले आहे. बहुतेक वेळा मुकादमाला कळते, शाळेला कळत नाही.

म्हणून आज या सभेतून उठण्यापूर्वी प्रत्येक पाड्यामागे दोन नावे ठरवावीत: एक शिक्षक आणि एक गावकरी. दिवाळीच्या सुट्टीआधी या दोघांनी घरोघर जाऊन यादी करावी. कोण जाणार, कोणत्या भट्टीवर, मुलाला ठेवून घेणारे आजी-आजोबा आहेत का, नसतील तर भट्टीजवळची शाळा कोणती. यादीची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक माझ्याकडे द्यावी. ज्या भागात ही कुटुंबे जातील तिथल्या वार्ताहर मित्रांना मी ती पाठवीन आणि जानेवारीत मुले कुठे आहेत ते विचारीन.

वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पाड्याचे नाव वर लिहा, खाली आपली दोन नावे. तोवर ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी विचारावेत. सुरुवात मागच्या रांगेतून झाली तर मला अधिक आवडेल.